कागद एका गाडीचे, अंग दुसऱ्या गाडीचं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आज मी तुम्हाला माझ्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. चूक माझी, पैसे मात्र मित्राचे गेले.

या मित्राच्या वडिलांकडे १९६७ सालची फियाट डिलाइट होती. त्या काळी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. घरात गाडी आली तेव्हा पेढे वाटले होते, असं तो अजून सांगतो. पुढे वडील गेले, गाडी विकली गेली. मित्र निवृत्त झाला, हातात थोडा पैसा आला आणि त्याच्या मनानं घेतलं की तशीच गाडी घ्यायची, नीट दुरुस्त करायची आणि आईला तिच्यातून एकदा देवीला न्यायचं. मी बँकेतला माणूस, पण तीस वर्षं जुन्या गाड्यांच्या मागे फिरलोय, म्हणून त्यानं मला बरोबर नेलं. एजंट म्हणाला, "साहेब, सिंगल ओनर, एकदम ओरिजनल. आरसी बुक बघा, सदुसष्टची." फिकट निळा रंग चकाकत होता, क्रोमच्या पट्ट्या जागेवर होत्या. इंजिन एका चावीत सुरू झालं. मी दहा मिनिटांत म्हणालो, "घेऊन टाक."

चार महिन्यांनी गाडी रंग खरवडायला गेली. छताच्या पन्हाळीत, म्हणजे पावसाचं पाणी वाहून जायला जी पट्टी असते तिच्या आतल्या बाजूला, निळ्या रंगाखाली पिवळा रंग निघाला. डिकीच्या आत काळा. आणखी काय सांगू? ती मुंबईची टॅक्सी होती.

हे फियाटच्याच बाबतीत इतकं सोपं का होतं, ते आधी समजून घेऊ. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बनवायला सुरुवात केली. पुढची दारं उलटी उघडणारी ती जुनी गाडी म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. १९६४ मध्ये डिलाइट आली. सत्तरीच्या सुरुवातीला तिचं नाव काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' होतं आणि १९७४ पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तरी लोक फियाटच म्हणत राहिले. आता गंमत अशी, की नाव बदललं पण गाडीचा सांगाडा जवळजवळ तोच राहिला. तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, मागे तेच पाटे. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत हा कारभार चालला. पस्तीसेक वर्षं एकाच अंगाची गाडी निघत राहिली, तर दार याचं त्याला, बॉनेट त्याचं याला सहज बसणार. म्हणून फियाट दुरुस्त करणं सोपं, आणि म्हणूनच खोटी फियाट उभी करणंही सोपं. नव्वदीतल्या पद्मिनीला डिलाइटची पुढची जाळी, जुने दिवे आणि 'फियाट'चं बोधचिन्ह लावलं की रस्त्यावरचा माणूस फसतो. माझ्यासारखा तीस वर्षांचा शौकीनही फसला.

त्यातून मी एक गोष्ट शिकलो. पाना फिरवून जे निघतं त्यावर भरवसा ठेवायचा नाही. जाळी, बंपर, दिवे, हँडल, चिन्हं, मीटरची तबकडी हे सगळं कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात फिरलात तर मिळू शकतं. मुळात ठोकलेलं, जोडलेलं किंवा वितळवून सांधलेलं जे आहे तेच गाडीबद्दल खरं बोलतं.

सगळ्यात आधी चेसिस नंबर. जीपला किंवा ट्रकला खाली लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फियाटला तशी वेगळी चौकट नाही. पत्र्याची पेटी हीच तिची चेसिस. त्यामुळे नंबरही पत्र्यावरच. बॉनेट उघडलंत की इंजिनामागे जो आडवा पत्रा दिसतो, तिथे कंपनीची माहितीपट्टी आणि पत्र्यात ठोकलेला नंबर शोधायचा. पट्टी रिव्हेटनं बसवलेली असते, ती काढून दुसरीकडे लावता येते. रिव्हेट नवे चकचकीत आणि पट्टी जुनी, असं दिसलं तर सावध व्हा. ठोकलेल्या नंबरवर टॉर्चचा प्रकाश समोरून न टाकता बाजूनं, तिरका टाका. आकडे सारख्या खोलीचे आहेत का, एका ओळीत आहेत का, भोवतालचा पत्रा घासलेला दिसतो का, हे लगेच कळतं. पत्र्यामागून हात फिरवता आला तर फिरवा. आमच्या गाडीत नेमकं तिथेच पाप होतं. खऱ्या सदुसष्टच्या गाडीतला नंबरचा चौकोनी तुकडा कापून टॅक्सीच्या पत्र्यात वेल्ड केला होता. वरून पुट्टी, वरून रंग. आरसी बुक खरं, नंबर खरा, पण ज्या गाडीचा तो नंबर होता ती केव्हाच भंगारात गेली असणार.

असा नंबर दिसला तर घासाघीस करू नका, निघून या. नंबरात फेरफार करणं हा गुन्हा आहे, आणि गाडी चोरीची निघाली तर पोलिस ती तुमच्या दारातून नेतील.

इंजिनचा नंबर ब्लॉकवर असतो. तो आरसीशी जुळला नाही म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. पन्नास वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं. बदल आरटीओत नोंदवलाय का, एवढं विचारा. इंजिन डिझेलचं असेल तर मात्र ते जागा करून बसवलेलं असणार, आणि त्यासाठी पत्रा कुठे कापलाय ते पाहायला हवं.

आता टॅक्सी कशी ओळखायची? मुंबईच्या टॅक्सीला पूर्वी मीटर गाडीच्या बाहेर, पुढे डाव्या बाजूला असे. मडगार्डचा तो भाग आतून पाहा, भोकं बुजवल्याच्या खुणा सापडतील. डिकीतलं कापड उचला. सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर बोल्टची भोकं आणि रेटलेला पत्रा राहतो. दाराच्या बिजागऱ्यांमागे, छताच्या अस्तराच्या कडेला आणि डॅशबोर्डच्या खाली रंगारी सहसा हात घालत नाहीत. तिथला रंग हा गाडीचा जन्माचा रंग. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. अशा हजारो गाड्यांचे पत्रे आणि सुटे भाग बाजारात फिरले आहेत. टॅक्सी वाईट असं माझं म्हणणं नाही. 'ही टॅक्सी आहे' असं सांगून कोणी काळी-पिवळी विकली तर मी आनंदानं पाहायला जाईन. सदुसष्टची घरगुती डिलाइट म्हणून टॅक्सी गळ्यात मारली, राग त्याचा आहे.

पत्रा पाहायला एक साधं चुंबक पुरतं. मऊ कापडात गुंडाळून ते गाडीभर फिरवायचं. पत्र्यावर ते धरतं, जाड पुट्टीवर निसटतं. दारांचा खालचा भाग, चाकांच्या वरच्या कमानी, बॅटरीखालची जागा आणि दारांच्या खालून लांबीत जाणारी पेटीसारखी पट्टी, या जागा आमच्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसानं हमखास खाल्लेल्या असतात. ही खालची पट्टी सडली तर प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही, कारण गाडीचा सारा भार पेटीवरच आहे. दार बंद असताना वरची आणि खालची फट पाहा. दार उघडलं की गाडी मध्ये वाकून दार परत लागेना, असंही मी पाहिलंय. मागचे पाटे जिथे बसतात तो पत्राही टोचून बघा. मग सतरंजी अंथरून गाडीखाली शिरा, लाजू नका. पुढच्या सीटच्या खाली आडवी, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत गेलेली वेल्डिंगची रेघ दिसली तर दोन गाड्यांचे अर्धे अर्धे भाग जोडलेत असं समजा. आणखी एक. डिलाइटचा गियर स्टिअरिंगजवळच्या दांड्यावर असतो. अखेरच्या काही पद्मिन्यांना जमिनीवरचा गियर होता. जमिनीतलं भोक बुजवून दांड्याचा गियर बसवलेली 'डिलाइट' विकणारे लोकही आहेत.

कागदांबद्दल थोडं. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्या सुमारास एमएच-०१, एमएच-१२ असे क्रमांक सुरू झाले. त्याआधीचे आपल्याकडचे नंबर बीएम, एमआर, एमएम अशा अक्षरांनी सुरू होतात. सदुसष्टच्या गाडीवर एमएचचा नंबर असेल तर ती नंतर पुन्हा नोंदवली गेली, बहुधा परराज्यातून आली. त्यात गैर काही नाही, पण कुठून आली ते विचारायला हवं. स्मार्ट कार्डावर न थांबता आरटीओतून त्या गाडीच्या नोंदवहीचा उतारा मागवा. त्यात पहिल्या नोंदणीची तारीख, आधीचे मालक, कर्जाचा बोजा आणि रंग बदलल्याची नोंद मिळू शकते.

ही तारीख आता फार महत्त्वाची झाली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, व्यापारी वापरात नसलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्यानं नोंदणी करायला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि हे सरकारनं नेमलेली समिती पाहते. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिन्याही आता पन्नाशी ओलांडून या नियमात बसू लागल्या आहेत. त्यामुळे 'ओरिजनल' हा शब्द पूर्वी शौकिनांच्या गप्पांतला होता, आता त्याला सरकारदरबारी अर्थ आलाय. तितकेच तो खोटा वापरणारेही वाढणार.

मग पन्नास वर्षांची गाडी शंभर टक्के मूळची असते का? नसतेच. टायर, गाद्या, वायरिंग, रंग बदलणारच. माझ्यापुरता मी असा भेद करतो, की परत पूर्वीसारखा करता येईल असा बदल चालेल. कापलेला पत्रा परत येत नाही. आणि नुकतीच रंगवलेली गाडी विकायला आलेली पाहिली की मी हल्ली आधी दोन पावलं मागे सरतो. गोठ्यात धूळ खात पडलेली, गाद्या उंदरांनी कुरतडलेली, पण रंगाला हात न लागलेली गाडी मला जास्त आवडते. तिच्यात काय सडलंय ते निदान दिसतं.

मित्राची ती निळी गाडी अजून ताडपत्रीखाली उभी आहे. नंबरच्या तुकड्याचं कळल्यावर वकिलाच्या सल्ल्यानं त्यानं पोलिसांत तक्रार दिली. एजंटचा फोन बंद. मित्र मला एका शब्दानं बोलला नाही, ते जास्त लागतं. गेल्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. मिरजेजवळ एका वाड्यात एक गाडी आहे म्हणतात, नंबर एमआरचा, पंधरा वर्षं बंद. "येशील ना?" म्हणाला. जायचं ठरलंय. या वेळी आरसी बुक त्यानं वाचायचं, गाडीखाली मी शिरायचं.