गाय उपाशी होती, पोट मात्र भरलेलं होतं

आजचा भाग गायीच्या जेवणावर आहे. दिवसभर कोड लिहिणारा माणूस गायीवर काय बोलणार, असं वाटेल. पण माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. आणि माझा चुलत भाऊ यंदा परत दुधाची गाय घ्यायची म्हणतोय. परत म्हणजे काय, ते आधी सांगतो.

१ जुलै २००६. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होतं. शेतीला जोडधंदा म्हणून दूध, हा त्यातला एक भाग. आमच्या घरी पॅकेजमधून काही आलं नाही, पण हवाच अशी होती की काकांनी उसनवारी करून एक संकरित जर्सी आणली. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. पहिले दोन महिने आठ लिटर दूध. मग सहा, मग चार. पुढे ती माजावरही येईना. काकू रोज म्हणायची, "पोटभर तं खाते न बापा, मंग दूध काहून आटलं?" वर्षभरात गाय बाजारात गेली, कर्ज घरात राहिलं.

काकूच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला गेल्या वर्षी सापडलं, तेही साध्या गणितात.

गायीचं वजन काट्याशिवाय काढता येतं. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०. घेर ६६ आणि लांबी ६० धरली तर येतात ३९६ किलो. दुभत्या गायीला दिवसाला वजनाच्या साधारण तीन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे इथे १२ किलो. कोरडा म्हणजे पाणी वजा करून. इथेच सगळे फसतात. हिरव्या चाऱ्यात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. आम्ही बांधावरचं १५ किलो गवत टाकायचो, त्यात खरा आहार तीनेक किलो. चारेक किलो सोयाबीनचं कुटार, किलोभर सरकी ढेप. बेरीज साताठ किलोच्या पुढे जात नाही.

बरं, त्या कुटाराने पोट फुगलेलं दिसायचं. गाय स्वतः काडी पचवत नाही, तिच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव पचवतात. आणि त्यांना काम करायला आहारात निदान सातेक टक्के प्रथिनं लागतात. गव्हांड्यात असतात तीन-चार टक्के. सूक्ष्मजीव उपाशी, म्हणून काडी पोटात पडून राहते. पोट भरलेलं, म्हणून गाय पुढे खात नाही. सर्व्हर शंभर टक्के बिझी आणि आउटपुट शून्य, तसलाच प्रकार. जे थोडं पचतं ते आधी जीव जगवायला जातं, उरलं तर दूध. नाही उरलं तर गाय अंगावरचं मांस झिजवून दूध देते, आणि सगळ्यात आधी माजावर येणं थांबतं. प्राणी कल्याणाच्या अभ्यासात म्हणूनच पाठीचा कणा, फासळ्या, कमरेची हाडं बघून एक ते पाच असे गुण देतात. आमच्या गायीच्या फासळ्या रस्त्यावरून मोजता यायच्या, आणि आम्ही म्हणायचो जातच तशी आहे. त्यात आपला उन्हाळा, पारा ४२-४४ वर. संकरित गाय उन्हात खाणंच कमी करते, म्हणून मुख्य चारा पहाटे आणि रात्री द्यायचा. आम्ही द्यायचो दुपारी, शेतातून घरी आलो की.

मूळ गोष्ट मात्र त्याआधीच बिघडली होती. आजोबांच्या काळी वावरात उंच ज्वारी असायची, तिचा कडबा वर्षभर पुरायचा. मग सोयाबीन आलं, रोही-डुकरांनी उरलीसुरली ज्वारी खाल्ली, आणि कडबा विकतची वस्तू झाला. चारा गेल्यावर आम्ही जास्त खाणारी गाय आणली. क्रम चुकला.

उपाय आहेत, फार हायफाय नाहीत. गव्हांड्यावर युरिया प्रक्रिया करता येते. १०० किलो गव्हांडा, ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाणी. थर देऊन शिंपडायचं, दाबायचं, ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस ठेवायचं. युरियातून अमोनिया सुटतो, काडी मऊ पडते, प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. खायला देण्याआधी थोडा वेळ पसरून वास उडवायचा. सहा महिन्यांखालच्या वासराला हा चारा द्यायचा नाही. आणि युरियाचं पाणी उघडं ठेवायचं नाही, जनावर प्यायलं तर मरू शकतं. हे गमतीत घेऊ नका.

सरकी ढेप तर आपल्या कापसाचीच. तिच्यात वीस टक्क्यांवर प्रथिनं असतात. त्यातलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य मोठ्या गायीचे सूक्ष्मजीव बऱ्यापैकी निकामी करतात. लहान वासराला ते जमत नाही, म्हणून त्याला ढेप नको.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने २०१२ पासूनच्या योजनेत आहार संतुलनाचं काम केलं. गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला, वजन टेपने, दूध किती, फॅट किती, घरी कोणता चारा आहे, बाजारात भाव काय, हे सगळं संगणकात टाकायचं. तो सगळ्यात स्वस्त पण पुरेसा आहार काढून देतो. हे कॉलेजातलं लिनियर प्रोग्रामिंग हो! मी ते पेपरात सोडवलं आणि विसरलो. अशा आहारात लिटरमागे मिथेनही कमी निघतो. मिथेन म्हणजे दूध न होता ढेकरेवाटे हवेत गेलेली चाऱ्याची ऊर्जा, त्यामुळे शेतकऱ्याचा फायदा आणि हवेचा फायदा इथे एकच आहे.

भावाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मंग पहिले ज्वारी पेरतो, गाय दिवाळीनंतर." दिवसाला सहा किलो कडबा धरला तर एका गायीला वर्षाचा बावीस क्विंटल. त्याच्या किती पेंढ्या होतात, यावर तो आणि काकू अजून भांडत आहेत.