चाकांच्या नागमोडीचा माग

वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला गेला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जपान हे एके काळी हिंदुस्थानी कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते, हे मात्र अकोल्या-अमरावतीच्या जुन्या जिनांच्या आवारातही क्वचितच ऐकू येते. 1893 साली जमशेटजी टाटा जपानला गेले. निप्पोन युसेन काइशा या जहाज कंपनीशी त्यांनी संधान बांधले आणि मुंबई–कोबे मार्गावरची पी अँड ओ कंपनीची मक्तेदारी मोडली. कापसाच्या गाठी थेट कोबे बंदरात उतरू लागल्या आणि ओसाकाच्या गिरण्यांच्या चात्या फिरू लागल्या. त्या गिरण्यांभोवती वाढलेला उद्योग टोकियोला जोडणारा रेल्वेमार्ग म्हणजे तोकाइदो. 1950 नंतरच्या दशकात हा मार्ग तुंबला. देशातल्या रेल्वेमार्गांच्या जेमतेम 3 टक्के लांबीचा हा रस्ता देशाची जवळपास चौथाई वाहतूक ओढत होता. गाड्या वाढवायला जागा नव्हती. उरला होता तो वेग, आणि वेग वाढवला की गाडी हेलकावे खाई.

जपानने 1872 साली पहिली रेल्वे घातली ती 1067 मिलिमीटर रुंदीची, आपल्या मीटर गेजहून थोडी मोठी. अशा अरुंद रुळांवर फार वेग नको, हे तिथल्या जुन्या अभियंत्यांचे ठाम मत होते. गाडी हलते का? तर रूळ वाकडे असतात म्हणून. उत्तर ठरलेले, उपायही ठरलेला: रूळ सरळ करा आणि गाडी सावकाश हाका. हे उत्तर खोडून काढणारा माणूस रेल्वेतला नव्हता. तो विमानांच्या कंपनांचा अभ्यासक होता.

तादाशी मात्सुदाइरा युद्धाच्या काळात योकोसुकाच्या नौदल विमान संशोधन केंद्रात होते. 17 एप्रिल 1941 रोजी झिरो जातीचे लढाऊ विमान सूर मारताना हवेतच मोडले आणि चाचणी घेणारा अनुभवी वैमानिक, लेफ्टनंट शिमोकावा, मरण पावला. कागदावरच्या हिशेबाने त्या वेगाला पंख सुरक्षित असायला हवे होते. मात्सुदाइरांनी पंखाची नवी प्रतिकृती करवून घेतली, तिच्यात खऱ्या पंखाचा ताठपणा आणि वजनाची वाटणी नेमकी उतरवली आणि ती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली. वारा वाढवत नेला, आणि हिशेबाने सांगितलेल्या वेगाच्या बऱ्याच अलीकडे पंख आपोआप फडफडू लागला. त्याला कुणी धक्का दिला नव्हता. वारा सुरळीत होता. पंख त्या सुरळीत वाऱ्यातूनच शक्ती ओढून घेत होता आणि स्वतःला मोडत होता. आधीच्या प्रतिकृतीत पंखाची लवचीकता नीट उतरली नव्हती, एवढ्या चुकीपायी एक माणूस गेला.

युद्ध हरल्यावर जपानला विमाने बनवायला बंदी झाली. सैन्यातल्या शेकडो अभियंत्यांना रेल्वेच्या संशोधन संस्थेने सामावून घेतले, त्यांत मात्सुदाइरा होते. गिंगा या बॉम्बफेकी विमानाचे रचनाकार तादानाओ मिकी होते, सैन्याच्या संदेशयंत्रणेत काम केलेले हाजिमे कावानाबेही होते. डिसेंबर 1946 मध्ये हिदेओ शिमा या द्रष्ट्या रेल्वे अभियंत्याने वेगवान गाड्यांच्या कंपनांवर एक अभ्यासगट बसवला. तिथे नव्या आणि जुन्या मंडळींची गाठ पडली. जुने म्हणत, दोष रुळाचा. मात्सुदाइरांना त्या हेलकाव्यांत झिरोचा पंख दिसत होता.

इथे आपल्या शकुंतला रेल्वेकडे यायला हवे, कारण हा प्रश्न वऱ्हाडी माणसाने अंगाने अनुभवलेला आहे. मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला, दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. सुमारे 190 किलोमीटरची, 762 मिलिमीटर रुंदीची ही लाइन कापूस वाहण्यासाठीच घातली गेली. मँचेस्टरला 1921 साली बांधलेले वाफेचे इंजिन तिथे 1994 पर्यंत राबले. ताशी वीसेक किलोमीटरने जाणाऱ्या त्या डब्यांतही माणूस डावीकडून उजवीकडे झुलत असे. त्यातला काही भाग खराब रुळांचा खराच. पण काही भाग चाकांच्या घडणीतच असतो.

बैलगाडीची दोन चाके आपापली फिरतात. एक चाक दगडावर अडले तरी दुसरे पुढे जाऊ शकते. रेल्वेची दोन चाके मात्र एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, एक फेरा म्हणजे दोघांचा एक फेरा. शिवाय त्यांचा टेकणारा पृष्ठभाग सपाट नसून किंचित उतरता असतो: आतल्या बाजूला चाक मोठे, बाहेर लहान. जोडी जरा डावीकडे सरकली, की डावे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालते, उजवे लहान घेरावर. डावे जास्त अंतर कापते आणि जोडी उजवीकडे वळते. मध्यावर येऊन ती थांबत नाही, पलीकडे जाते, मग परत वळते. या नागमोडीमुळेच गाडी वळणावर निगुतीने वळते आणि रुळाच्या मधोमध राहते. 1883 साली क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने या नागमोडीची लांबी काढायचे सूत्रही मांडले होते. सूत्र होते, नागमोड ठाऊक होती. ती कधी जीवघेणी होते, हे जपानी रेल्वेत कुणी उलगडले नव्हते.

मात्सुदाइरांनी वाऱ्याच्या बोगद्याचीच युक्ती इथे आणली. लहान प्रमाणात चाकांची गाडी बनवली आणि ती फिरत्या रुळांवर, म्हणजे रुळाच्या आकाराच्या रोलरांवर ठेवली. त्या रोलरांत वाकडेपणा नव्हता, सांधे नव्हते, उंचसखलपणा नव्हता. जुन्यांचे म्हणणे खरे असते, तर गाडी अजिबात हलायला नको होती. वेग कमी असताना छोटासा धक्का दिला की हेलकावा विरून जाई. वेग वाढवला, विरायला जास्त वेळ लागू लागला. आणि एका वेगाच्या पलीकडे तो विरेनाच. निर्दोष रुळावरही गाडी आपल्याच धावेतून शक्ती घेऊन हेलकावे वाढवत गेली, चाकाची कड रुळावर आदळेपर्यंत.

पंखाची फडफड आणि चाकाची नागमोड एकाच गणिताची निघाली. माझ्या मते विसाव्या शतकातल्या रेल्वेचा हा सर्वांत मोठा शोध आहे, इंजिनाहूनही मोठा. कारण याने प्रश्नच बदलला. इंजिन किती ताकदीचे, हा प्रश्न मागे पडला. घातक वेगाचा उंबरठा गाडीच्या कमाल वेगापेक्षा वर कसा न्यायचा, हा खरा प्रश्न ठरला, आणि त्याला उत्तर होते. चाकाचा उतार कमी करा: नेहमीच्या 20 ला 1 ऐवजी 40 ला 1. आस पुढे-मागे हलणार नाही असा नेमका ताठ धरा. डब्याखाली हवेच्या स्प्रिंगा बसवा. 1955 साली युरोपच्या रेल्वे संघटनेने याच प्रश्नावर निबंधांची स्पर्धा घेतली, तेव्हा बक्षीस मिळालेल्या तीन निबंधांत मात्सुदाइरांचा एक होता.

मग आला 30 मे 1957. टोकियोच्या गिंझा भागातले यामाहा सभागृह, बाहेर पाऊस, आत खचाखच गर्दी. संशोधन संस्थेची व्याख्याने, विषय टोकियो ते ओसाका तीन तासांत. त्या वेळची सर्वांत वेगवान गाडी साडेसात तास घेत होती. मिकी डब्याच्या आकारावर बोलले, त्यांचे सहकारी होशिनो रुळांवर, मात्सुदाइरा सुरक्षिततेवर, कावानाबे सिग्नलांवर. राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी हीच व्याख्याने आपल्या अधिकाऱ्यांपुढे पुन्हा करवून घेतली. त्याच सप्टेंबरात मिकींच्या रचनेची ओदाक्यू कंपनीची गाडी अरुंद रुळावर ताशी 145 किलोमीटर धावली. अरुंद रुळावरचा तो जागतिक उच्चांक होता.

पुढचे सर्वश्रुत आहे. 1435 मिलिमीटरचा स्वतंत्र मार्ग, जागतिक बँकेचे 8 कोटी डॉलरचे कर्ज, 30 मार्च 1963 च्या चाचणीत ताशी 256 किलोमीटर. 1 ऑक्टोबर 1964 ला सकाळी सहा वाजता शिंकानसेन सुटली, तेव्हा सोगो आणि शिमा पदावर नव्हते. खर्च अंदाजाबाहेर गेला म्हणून दोघेही आदल्या वर्षीच पायउतार झाले होते. सोगोंनी तो सोहळा घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. हे वाचताना मला आजही वाईट वाटते.

आज मुंबई–अहमदाबाद मार्ग त्याच जपानी तंत्राने उभा राहतो आहे. मुंबई–नागपूर द्रुतगती रेल्वेच्या आराखड्यात कारंजा लाडचे नाव आहे, त्याच कारंजाचे, जिथून शकुंतला जायची. ती आता बंद आहे, आणि लोक ती परत मागत आहेत.

या मागणीला बळ देणारी गोष्ट जपानातच आहे. योक्काइची हे सूतगिरण्यांनी मोठे झालेले बंदर. तिथे 1912 साली सुरू झालेली एक छोटी लाइन आहे, रुंदी नेमकी 762 मिलिमीटर, लांबी 7 किलोमीटर. चालवणाऱ्या खासगी कंपनीने तोट्यामुळे तिथे बस आणायचे सुचवले. नागरिक अडून बसले. 2015 पासून रूळ आणि डबे शहराच्या मालकीचे आहेत, गाडी चालवायला स्वतंत्र कंपनी आहे, आणि शाळकरी मुले रोज तिच्यातून जातात. ताशी 300 किलोमीटरची गाडी चालवणाऱ्या देशाने शकुंतलेच्या रुंदीची गाडी भंगारात काढली नाही.

म्हणून दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर आणि कारंजाच्या नगरपालिकांनी योक्काइचीची ही व्यवस्था कशी उभी राहिली ते मागवून वाचावे आणि आपल्या खासदारांपुढे ठेवावे. आणि अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनो, तुमचे महाविद्यालय शिंकानसेनच्याच वर्षी, 1964 साली सुरू झाले. दोन उतरती चाके, एक आस आणि दोन रोलर एवढ्यात मात्सुदाइरांचा प्रयोग तुमच्या कार्यशाळेत उभा राहू शकतो. तो करून पाहा.