भांग, गांजा आणि चरस : एकाच झाडाच्या तीन वाटा

महाशिवरात्र, धुळवड आणि रंगपंचमी हे सण माळव्यात भांगेवाचून पुरे होत नाहीत, असे मानणारी मंडळी अजून पुष्कळ आहेत. उज्जयिनीच्या महाकालेश्वराला भांगेचा शृंगार होतो, आणि एरवी विडीलाही न शिवणारा गृहस्थ त्या दिवशी ठंडाईचा पेला निःसंकोच तोंडाला लावतो. तोच गृहस्थ गांजेकसाची सावली आपल्या ओटीवर पडू देणार नाही. भांग ही सणाची आणि गांजा हा व्यसनाचा, अशी वाटणी आपल्या मनात पक्की झाली आहे. पण वनस्पतिशास्त्र ही वाटणी मान्य करीत नाही. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची लेकरे आहेत. मग त्यांच्यात भेद कोठे पडतो? तो झाडाच्या कोणत्या भागाचा उपयोग केला आणि तो भाग कोणत्या वाटेने शरीरात गेला, या दोन गोष्टींमुळे पडतो. आजच्या भाषणात आपल्याला याचाच विचार करावयाचा आहे.

या झाडात नर आणि मादी अशी वेगवेगळी रोपे असतात. मादी रोपाच्या फुलोऱ्यावर बारीक ग्रंथी असून त्यांतून चिकट राळ स्रवते. झाडाचा मादकपणा मुख्यतः या राळेत साठलेला असतो. पानांत तो थोडा, फुलोऱ्यात पुष्कळ, आणि राळ वेगळी काढली म्हणजे सर्वांत अधिक. वाळवलेला पाला म्हणजे भांग, मादी रोपाचे राळयुक्त तुरे म्हणजे गांजा, आणि नुसती राळ म्हणजे चरस. तुऱ्यांत बी धरले की त्यांची प्रत उतरते. म्हणून गांजाची लागवड करणारे शेतकरी नर रोपे वेळीच हुडकून उपटून टाकीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधील नौगाव, निमाडातील खंडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्हा ही या सरकारमान्य लागवडीची नावाजलेली ठिकाणे होती. चरस मात्र यारकंदहून लेहमार्गे पंजाबात उतरे. हिमालयाच्या उतारावर तो ताजे तुरे तळहातांवर चोळून काढीत असत.

आता सेवनाच्या पद्धती पाहू. भांग घोटतात, पितात किंवा खातात. बडीशेप, मिरी, खसखस, मगज, बदाम यांच्यासह ती पाट्यावर बारीक वाटून दुधात मिसळली, की ठंडाई झाली. नुसता वाटलेला गोळा पाण्याबरोबर गिळणारेही आहेत. तुपात भांगेचा अंश उतरवून साखरेच्या पाकात घातला, की माजूम नावाची वडी होते. दूध आणि तूप यांची ही निवड केवळ चवीसाठी नाही. राळेतील मादक द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत मात्र सहज विरघळते. आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्राची सूत्रे ठाऊक नव्हती. पण अनुभवाने त्यांनी नेमकी वाट शोधून काढली होती.

गांजा आणि चरस ओढतात. त्यांचे साधन चिलीम. तिच्या बुडाशी ओली साफी गुंडाळतात आणि पुष्कळदा गांजात तंबाखू मिसळतात. साफीमुळे धूर निवतो आणि राखेचे कण अडतात, एवढेच. धुरातील घातक वायू व डांबर तिच्यातून पार जातात, त्यामुळे साफी लावली म्हणजे धूर निर्मळ झाला, ही समजूत खोटी आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या झाडातील प्रमुख मादक द्रव्याची रचना इस्राएलमधील राफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी 1964 साली निश्चित केली. त्याला थोडक्यात टीएचसी म्हणतात. ताज्या झाडात ते बहुतांशी निष्क्रिय आम्लाच्या रूपात असते आणि उष्णता लागली की सक्रिय होते. चिलिमीच्या अंगारावर हे क्षणात घडते. धूर फुप्फुसात जातो, तेथून रक्तात, आणि काही मिनिटांत मेंदूत पोहोचतो. अंमल लवकर चढतो आणि साधारणतः दोनचार तासांत ओसरू लागतो.

पोटाची वाट निराळी आहे. प्यालेली भांग आतड्यांतून प्रथम यकृताकडे जाते. तेथे टीएचसीचे रूपांतर दुसऱ्या एका द्रव्यात होते आणि तेही चांगलेच मादक असते. या प्रवासाला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. जेवणानंतर घेतली तर आणखीही उशीर होतो. अंमल मात्र सहा-आठ तास, कित्येकदा त्याहूनही अधिक टिकतो.

सणाच्या दिवशी घडणाऱ्या अनर्थाचे मूळ या उशिरात आहे. नवखा मनुष्य एक पेला पितो, पाऊण तास वाट पाहतो आणि 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा मागतो. मित्र आग्रह करतात. मग दोन्ही पेले एकदम अंगावर येतात. ओढणारा मनुष्य अंमल चढताच हात आवरू शकतो. पिणाऱ्याला ती सोय नाही, कारण पोटात गेलेले परत घेता येत नाही. घोटलेल्या भांगेत मादक अंश किती हे डोळ्यांनी कळत नाही. कॅनडाने 2018 साली गांजा कायदेशीर केला, पण खाद्यपदार्थांना परवानगी 2019 पर्यंत रोखून धरली आणि तीही एका वेष्टनात 10 मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी नसावे या अटीवर दिली. सौम्य मानलेल्या वाटेलाच ही अधिक कडक अट लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे या विषयाची मोठी चौकशी पूर्वीच झाली आहे. 1893 साली नेमलेल्या आयोगाने देशभर फिरून 1193 साक्षी नोंदविल्या आणि 1894 साली अहवाल दिला. मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदीपेक्षा परवाने व कर यांनी नियंत्रण ठेवावे, असा त्याचा अभिप्राय होता. आजच्या संशोधनाने त्यात एक गंभीर पुरवणी जोडली आहे. कोवळ्या वयात आणि रोज, विशेषतः तीव्र प्रतीच्या मालाचे, सेवन करणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका स्पष्टपणे वाढलेला आढळतो.

आपल्या कायद्यानेही झाडाच्या भागांवरच बोट ठेवले आहे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यात चरस आणि गांजा यांना बंदी असून, गांजाच्या व्याख्येतून तुऱ्यांविना असलेली पाने व बी वगळली आहेत. म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या नियमांवर सोपविला गेला. मध्य प्रदेशात परवान्याची भांगेची दुकाने असतात, तर इतरत्र नियम निराळे आहेत. एका राज्यात जे चालते ते सीमेपलीकडे गुन्हा ठरू शकते, हे प्रवाशाने विसरू नये. शिवाय भांग म्हणून घेतलेल्या पाल्यात तुरे मिसळलेले असले, तर ती कायद्याच्या दृष्टीने भांग राहत नाही.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. भांग घातलेले दूध किंवा मिठाई मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. कोणालाही न सांगता भांग पाजणे ही थट्टा नव्हे. हृदयविकार असलेल्यास, गरोदर स्त्रीस आणि मनोविकाराचा पूर्वेतिहास असलेल्यास ती देऊच नये. प्यालेल्याने त्या दिवशी वाहन चालवू नये. कोणी घाबरला, बडबडू लागला, तर त्याला शांत जागी बसवून धीर द्यावा. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात लिंबू, चिंच किंवा तूप कोंबू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतते. छातीत दुखू लागले, शुद्ध हरपली किंवा मूल सुस्तावले, तर लाजेखातर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे आणि काय पोटात गेले ते खरे सांगावे. परंपरेने भांगेला सणात जागा दिली. तिच्यावर नजर ठेवण्याची जबाबदारी मात्र तिने आपल्यावरच सोपविली आहे.