पोर्तुगाल–भारत की भारत–पोर्तुगाल?

कोणत्याही दोन देशांच्या परस्परसंबंधांवर कोशात स्वतंत्र नोंद असावी काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ आहेत आणि त्यांच्या जोड्या होतात १८,५२८. इतक्या नोंदी कोणी लिहायच्या, आणि लिहिल्याच तर त्यांत घालायचे काय?

छापील कोशकारांना ही अडचण फारशी आली नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा पहिलाच खंड ‘हिंदुस्थान आणि जग’ या नावाचा आहे. तेव्हा देशादेशांच्या संबंधांचा विचार मराठी कोशवाङ्मयाला नवा नव्हे. परंतु तेथे पाने मोजून मिळत. दोन देशांचे संबंध त्या त्या देशाच्या नोंदीत, इतिहासाच्या ओघात येऊन जात. २००१ साली विकिपीडिया सुरू झाला आणि पानांची ही मर्यादा उरली नाही. २००९ च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावर अशा जोडनोंदींची रीघ लागली, आणि त्या राखाव्यात की वगळाव्यात यावर वादही तितकेच झाले.

यांतील बऱ्याच नोंदींचा साचा एकच होता. वर दोन ध्वज, शेजारी दोन रंगांत रंगवलेला जगाचा नकाशा, खाली राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्याची तारीख, आणि मग ‘उभय देशांचे संबंध सौहार्दाचे आहेत’ असे एक वाक्य. हे वाक्य कोणत्याही दोन देशांबद्दल लिहिता येते, म्हणूनच ते कशाचीच माहिती देत नाही. तारखेचेही तसेच. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार ते परस्परसंमतीने प्रस्थापित होतात. त्यासाठी दूतावास उघडावाच लागतो असे नाही. एकाच राजदूताची नियुक्ती अनेक देशांसाठी करण्याची मुभाही त्याच करारात आहे. एखाद्या बेटराष्ट्राचा कारभार तिसऱ्याच देशाच्या राजधानीत बसलेला अनिवासी राजदूत पाहत असेल, तर ती बाब परराष्ट्र खात्याच्या यादीत शोभते. तेवढ्यावर नोंद उभी राहत नाही.

म्हणून कसोटी ठरली ती उल्लेखनीयतेची. संबंध आहेत काय, एवढे पुरत नाही. त्या संबंधांवर, दोन्ही सरकारांशी बांधिलकी नसलेल्या अभ्यासकांनी वा पत्रकारांनी सविस्तर लिहिले आहे काय, हे पाहावे लागते. दूतावासाचे संकेतस्थळ आणि भेटीनंतरचे संयुक्त निवेदन यांना येथे फारसे वजन नाही, आणि ते योग्यच आहे.

या कसोटीवर भारत आणि पोर्तुगाल यांची जोडी घासून पाहावी. १९५५ साली गोव्याच्या प्रश्नावरून दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले. दूतावासांची यादी करणाऱ्याला त्यापुढील एकोणीस वर्षे कोरी दिसतील. प्रत्यक्षात याच काळात साधने सर्वांत दाट आहेत. १९५५ च्या अखेरीस पोर्तुगालने दादरा व नगर हवेलीकडे जाण्याच्या मार्गहक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले. पुढे पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळल्यावर, यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना, ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली येथील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. भांडण कोशकाराच्या पथ्यावर पडते असे म्हणणे जरा क्रूर आहे; पण दावा लागला की दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे लेखी मांडावे लागते, आणि ते कागद टिकतात.

देश लहान असल्याने नोंद लहान होते, हाही समज सोडावा. नाउरूचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. तरी ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखाली तेथील फॉस्फेट खणले गेले, १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, उजाड झालेल्या जमिनीबद्दल त्याने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगलाच खेचले आणि १९९३ मध्ये तडजोड झाली. या जोडीला नोंद हवीच. भूतान आणि चीन यांच्यात तर राजनैतिक संबंधच नाहीत. सीमेच्या वाटाघाटी मात्र १९८४ पासून चालू आहेत.

ज्या जोड्या कसोटीला उतरत नाहीत त्यांचे काय? तेथे हट्टाने वगळण्यापेक्षा विलीनीकरण बरे. तारीख, करार, भेटी ही माहिती ‘अमुक देशाचे परराष्ट्र संबंध’ या मोठ्या नोंदीत एका परिच्छेदात ठेवावी आणि जुन्या शीर्षकावरून तिकडे पुनर्निर्देशन करावे. उद्या साधने वाढली तर तो परिच्छेद उचलून स्वतंत्र करता येतो.

राहता राहिला शीर्षकाचा प्रश्न. आधी नाव कोणाचे? मानापमान टाळण्यासाठी वर्णक्रम पाळतात. इंग्रजीत त्यामुळे भारत आधी येतो. मराठीत अकारविल्हे लावू गेल्यास ‘प’ हा ‘भ’च्या आधी आहे, आणि नोंद ‘पोर्तुगाल–भारत संबंध’ अशीच लागते.