शिव्यांचा धनी

निळू फुले गेले तो सोमवार होता. १३ जुलै २००९. अन्ननलिकेच्या कर्करोगानं ते आजारी होते, त्यामुळे बातमी अगदीच अवचित आली असं नाही. नवल वाटलं ते बातमीनंतरच्या दिवसांचं. ज्या माणसानं चाळीस वर्षं पडद्यावर गरत्या बायकांकडे वाईट नजरेनं पाहिलं, जमिनी लाटल्या, भावाभावांत लावून दिलं, माणसं नाहीशी केली, त्याच्यासाठी गावंच्या गावं हळहळली. नायक गेला की आपल्याला रडू येतं, कारण त्याच्याबरोबर आपलं तारुण्यही थोडं जातं. पण खलनायक गेल्यावर रडायचं ते कशासाठी?

मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत शाखाधिकारी होतो. मंगळवारी सकाळी काउंटरवर पेपर पडलेला होता आणि त्यावर निळूभाऊंचा मोठा फोटो. निराधार योजनेचे पैसे न्यायला आलेली एक म्हातारी अंगठा उठवता उठवता थांबली. "ह्यो गेला व्हय?" कॅशिअरनं हो म्हटलं. म्हातारीनं पदरानं बोटाची शाई पुसली, मग त्याच पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "लई शिव्या घातल्या म्या ह्याला. भला मानूस हुता." तिच्या मागं रांगेत उभ्या असलेल्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. त्यांनीही घातल्या असणार.

या शिव्यांविषयी थोडं सांगायला हवं, कारण माझ्या मते या शोकाचं मूळ तिथंच आहे.

निळूभाऊंचा पहिला चित्रपट 'एक गाव बारा भानगडी', अनंत माने यांचा, १९६८ सालचा. त्यातले झेले अण्णा मी पाहिले ते दोन-तीन वर्षं उशिरानं, तंबूत. ज्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली, शेतं मोकळी होऊ लागली, की फिरत्या टॉकीजचा ट्रक गावाबाहेरच्या माळावर येई. कनाती उभ्या राहत. दुपारभर बैलगाडीला दोन्ही बाजूंनी पोस्टर लावून कर्णा फिरे. रात्री बायका एका अंगाला, गडीमाणसं दुसऱ्या अंगाला, मध्ये दोर. बसायला घरून पोतं न्यायचं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागत आणि त्या उजेडात बायका पडद्यावरच्या माणसाविषयी काय बोलत होत्या ते आम्हा पोरांना स्पष्ट ऐकू येई. अंधारात तर विचारूच नका. बोटं कडाकडा मोडली जात. "मुडदा बशिवला ह्याचा" ही नुसती सुरुवात असे. पुढचा मजकूर रविवारच्या पुरवणीत छापण्याजोगा नाही.

शहरातल्या गप्पांत हा किस्सा नेहमी हसत हसत सांगितला जातो. खेड्यातल्या भाबड्या बायकांना नट आणि भूमिका यांतला फरक कळत नसे, त्या निळूभाऊंना खरोखरच दुष्ट समजत, वगैरे. मला हे कधी पटलं नाही. ज्यांच्या दारात बहुरूपी पोलीस होऊन उभा राहायचा, दमदाटी करायचा, आणि ज्या हसत हसत त्याच्या झोळीत सुपातले जोंधळे ओतायच्या, त्या बायकांना सोंग म्हणजे काय हे आपण शिकवायचं? त्यांना फरक पक्का ठाऊक होता. शहरातल्यांना ठाऊक नसलेली आणखी एक गोष्टही त्यांना ठाऊक होती. गावात खरा पाटील होता, खरा सावकार होता, सोसायटीचा खरा चेअरमन होता. त्याला दिवसाउजेडी शिवी द्यायची सोय नव्हती; उद्या त्याच्याच रानात खुरपायला जायचं होतं. ती सोय तंबूतल्या अंधारात होती. निळू फुले नावाचा माणूस तिथं उभा राही आणि दुसऱ्या कुणाच्या तरी नावच्या शिव्या आपल्या अंगावर घेई. आपल्या भाषेत 'शिव्यांचा धनी' असा एक वाक्प्रचार आहे. इतका पदरमोड करणारा धनी मी दुसरा पाहिला नाही.

'सामना' पाहिला तो कॉलेजात असताना. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा रस्त्यावरच्या एका दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आणि तोच मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेविषयी त्याला विचारत राहतो. तेव्हा मला मास्तरच थोर वाटला होता. हिंदुराव कळायला मला बँकेत नोकरी लागावी लागली.

ग्रामीण शाखेत रुजू झालो त्या आठवड्यातच एक गृहस्थ केबिनमध्ये आले. पांढरे स्वच्छ कपडे, आवाज खालचा. "साहेब, बिऱ्हाड लागलं का? दूध कसं मिळतंय? पोराबाळांचं घर आहे, अनमान करू नका, आमच्या गोठ्यातून पाठवतो." मी गारच झालो. महिन्याभरानं थकबाकीची यादी काढली तेव्हा त्यात या गृहस्थांचं नाव कुठंच नव्हतं. पत्नीचं होतं, पुतण्याचं होतं, आणि ज्यांच्या सात-बारावर जेमतेम अर्धा एकर होता अशा त्यांच्या दोन सालगड्यांची होती. मोटारीचं कर्ज एकाच्या नावावर, पाइपलाइनचं दुसऱ्याच्या. पाणी तिसऱ्याच्याच उसाला. एकमेकांना जामीनही तेच. नोटीस गेली की हे गडी ती हातात उलटी धरून शाखेत येत आणि दारातच उकिडवे बसत. त्यातल्या एकाला मी विचारलं, अंगठा कशाला उठवलास? तो म्हणाला, "मालकांनी जेवाय घातलं, मग म्हनलं हितं उठीव."

त्या दिवशी मला हिंदुराव आठवला. निळूभाऊंचा हिंदुराव आरडाओरडा करत नाही. तो पाहुणचार करतो. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तो हात किती जड आहे ते ज्याच्या खांद्यावर पडतो त्यालाच कळतं. हिंदी सिनेमातले खलनायक तेव्हा गुहांमध्ये राहत, लाल दिवे लावत. आमचा खलनायक पंक्तीला बसवून वाढत होता. आपल्याकडची सत्ता अशी जेवू घालते, हे समाजशास्त्राच्या पुस्तकांआधी पडद्यावर एका नटानं दाखवलं, असं मी म्हटलं तर प्राध्यापक मंडळी रागावतील. रागावोत.

निळूभाऊंनी हा माणूस उचलला कुठून? ते पुण्याचे, माळ्याच्या कष्टाचे हात असलेले. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी खरोखरच माळीकाम केलं होतं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते गावोगाव हिंडले, आणि 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं त्यांना नाव दिलं. ज्या पाटलाचं सोंग ते आणत, त्याला त्यांनी समोरच्या प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसलेला पाहिला असणार. जन्मभर ते समाजवादी राहिले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहिले, आणि डॉ. लागूंच्या बरोबरीनं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी राबले. कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून नटांनी नाटकाचे प्रयोग करून पैसा उभा करायचा, ही कल्पना आज सांगितली तर तरुण मुलांना कल्पितच वाटेल.

हे सगळं लोकांना माहीत होतं. पडद्यावर जमीन लाटणारा आणि स्टेजवर भूमिहीनांच्या बाजूनं बोलणारा माणूस एकच आहे, हे कळायला पदवी लागत नाही. म्हणूनच 'सिंहासन'मध्ये, १९७९ साली, तो जेव्हा पत्रकार दिगू टिपणीस झाला, सगळं पाहणारा आणि काहीच न करता येणारा, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटला, तेव्हा ते हसू प्रेक्षकांना परकं वाटलं नाही. 'सखाराम बाइंडर'विषयी इथं लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दक्षिणेत आवडता नट गेला की काय होतं ते आपण वाचलेलं आहे. १९८७ च्या डिसेंबरात एम. जी. रामचंद्रन गेले तेव्हा काही चाहत्यांनी जीव दिले. २००६ च्या एप्रिलमध्ये राजकुमार गेले आणि बंगळूर शहर पेटलं, माणसं मेली. आपल्याकडे तसं होत नाही, याचा काही मराठी मंडळींना अभिमान वाटतो, तर काहींना खंत. मला दोन्ही अनाठायी वाटतं. तिकडे नट हा देव होता, पुढारी होता, भाषेचा झेंडा होता. इकडे १९९८ साली दादा कोंडके गेले तेव्हा लोक त्यांचे विनोद एकमेकांना सांगत होते आणि मध्येच गप्प होत होते. मराठी माणूस शोक करतो तो असा, गोष्टी सांगून. निळूभाऊंच्या वेळीही आमच्या गावात एसटी स्टँडपासून गुऱ्हाळापर्यंत जो तो आपली गोष्ट सांगत होता. कुणी त्यांना अमुक गावी शूटिंगला पाहिलेलं. कुणाच्या घरी ते जेवलेले. कुणाच्या आजीनं त्यांना पाहून दार लावून घेतलेलं. यातल्या किती खऱ्या, हे तपासायला मी काही ऑडिटला गेलो नव्हतो.

आणि फ्लेक्स लागले. ते तर लागणारच. चौकात पंधरा फुटी फलक: 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मध्यभागी निळूभाऊ, आणि खाली सात-आठ जण, हात जोडलेले, गॉगल लावलेले. सर्वांत मोठा फोटो तालुक्यातल्या एका वजनदार नेत्याचा. या साहेबांच्या संस्थेचं आमच्याकडचं खातं कोणत्या रजिस्टरात होतं ते मी सांगणार नाही, नोकरीतली गुप्तता निवृत्तीनंतरही पाळायची असते. इतकंच सांगतो की त्या फलकाखालून रोज जाता-येता मला ते दोन चेहरे, एक खरा आणि एक सोंगाचा, एकमेकांकडे बघत असल्यासारखे वाटत. आमचा शिपाई एकदा फलकाकडे बघून म्हणाला, "साहेब, ह्यांच्यातला निळू फुले कंचा?" मी त्याला चहा आणायला पाठवलं.

हे सगळं आत्ताच का आठवावं? गेली काही वर्षं तरुण मुलांच्या मोबाइलवर निळूभाऊ रोज दिसतात. ते एकच वाक्य बोलतात. 'बाई, वाड्यावर या.' त्यांच्या नावावर चिकटलेल्या या वाक्याची चित्रं निघाली, नकला निघाल्या, लग्नाच्या हळदीत लोक ते म्हणून दाखवतात. माझ्या नातवाच्या वयाच्या एका मुलाला निळू फुले कोण हे विचारलं तर तो म्हणाला, ते वाड्यावरचे कॉमेडी आजोबा. शोकाचीही आता अशीच घाई असते. २०२२ च्या नोव्हेंबरात विक्रम गोखले रुग्णालयात होते. ते गेले २६ तारखेला, आणि लोक दोन-तीन दिवस आधीच श्रद्धांजली वाहून मोकळे झाले होते. कुणी चूक दाखवली की फोटो काढून टाकायचा, आणि पुन्हा लावायचा.

नकलेला माझा विरोध नाही. नक्कल होणं ही नटाची कमाईच. पण वाड्यावर बोलावणं येण्याचा अर्थ ज्या बायकांना कळत होता, त्यांच्या पोटात ते वाक्य ऐकून गोळा येत असे. तंबूत त्या हसत नव्हत्या. आपण आता हसतो, कारण वाडे पडले असं आपण धरून चाललो आहोत. वाडे पडले हे खरं. जागेवर काय उभं राहिलं ते एकदा कर्जाच्या फायली चाळणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा.

२००९ चे गणपती ऑगस्टच्या शेवटी आले, निळूभाऊ जाऊन दीड महिनाही झाला नव्हता. आमच्या गल्लीतल्या मंडळानं एका रात्री चौकात पडदा बांधून 'सामना' दाखवायचं ठरवलं. मंडळाला मोठी देणगी फलकावरच्या साहेबांची, तेव्हा आरतीला ते आले, निळूभाऊंविषयी चार चांगले शब्द बोलले आणि पहिली दहा मिनिटं पुढच्या सोफ्यावर बसले. मागं सतरंजीवर बायका, पोरं. हिंदुराव पडद्यावर आला आणि शांतता पसरली. मग मागून कुठून तरी एका म्हातारीनं जुन्या सवयीनं, चांगल्या खणखणीत आवाजात, त्याचा उद्धार केला. बायका हसल्या. एक सून म्हणाली, "आत्याबाई, गेला तो बिचारा. मेलेल्याला शिव्या देऊ नयेत."

"त्यो गेला म्हाईत हाय मला," म्हातारी म्हणाली. "त्याला न्हाई म्हनत मी."

साहेबांना पुढचा कार्यक्रम होता, ते उठून गेले. मास्तर मारुती कांबळेविषयी विचारू लागला आणि नेमकी तिथंच सीडी अडकली. पोरांनी ती काढून शर्टाला पुसली, पुन्हा लावली, पुन्हा अडकली. शेवटी कुणीतरी स्टँडवरच्या दुकानातून दुसरी आणली. तोवर बायका सतरंजीवर बसून होत्या, एकही उठली नाही.