भंगारातला प्रिंटर आणि वाकणारी दांडी

विज्ञान प्रदर्शनासाठी दाराएवढा तक्ता छापून घ्यायचा म्हणजे खिशाला चाट. मग वाचकहो, मोडक्या इंकजेट प्रिंटरांचे भाग जमवून मोठा प्रिंटर स्वतःच का बांधू नये? अनेक हौशी मंडळींनी तसे केले आहे.

भंगारवाल्याकडून एक जुना प्रिंटर आणा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडा. (वीजपुरवठ्याची डबी मात्र उघडू नका, तार काढल्यावरही तिच्यातील धारित्रात विद्युत्‌भार शिल्लक असू शकतो.) आत गुळगुळीत पोलादी दांडी, तिच्यावर सरकणारी शाईची गाडी, दातेरी पट्टा, छोटी मोटर आणि गाडीमागे ताणून बसवलेली एक पारदर्शक फीत दिसेल. ही फीत कचऱ्यात टाकू नका! भिंगातून पाहिल्यास तिच्यावर बारीक रेघा दिसतील. पुष्कळ प्रिंटरांत इंचाला १५० असतात. गाडीवरचे दोन प्रकाशसंवेदक त्या मोजतात. दोघांत पाव रेघेचा फरक ठेवलेला असल्याने एका रेघेमागे चार खुणा, म्हणजे इंचाला ६०० खुणा मिळतात. गाडीची जागा ०.०४ मिलिमीटरपर्यंत कळते. कोणता संवेदक आधी झाकला गेला यावरून दिशाही समजते.

आता ३० सेंटिमीटरचे हे यंत्र ९० सेंटिमीटर रुंद करू. लांब पट्टा विकत मिळतो. फीतही अखंड लांब घ्यावी, कारण जोडापाशी मोजणी चुकते. खरी मेख आहे ती दांडीत.

दोन टोकांना टेकवलेल्या दांडीच्या मध्यावर वजन ठेवले, तर तिचा झोल लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी तिप्पट, झोल सत्तावीस पट! ८ मि.मी. जाडीची पोलादी दांडी आणि ३०० ग्रॅमची गाडी धरून गणित करा. ३० सें.मी.ला झोल ०.०४ मि.मी., तर ९० सें.मी.ला १.१ मि.मी. स्वतःच्या वजनाचा झोल तर लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तो सुमारे ०.८ मि.मी. भरतो. म्हणजे एकूण जवळजवळ २ मि.मी. शाईचे तोंड कागदापासून जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर असते. गाडी मध्यावर येताच कागदावर घासणार.

उपायही त्याच सूत्रात आहे. जाडी दुप्पट केली की गाडीमुळे येणारा झोल सोळा पटींनी आणि स्वतःच्या वजनाचा चार पटींनी घटतो. १६ मि.मी.च्या दांडीला एकूण झोल पाव मिलिमीटरच्या आसपास उरतो. माझ्या मते मात्र दांडीला खालून सलग आधार देणे अधिक चांगले. जड दांडीसाठी सांगाडाही जड करावा लागतो.

चित्र पट्ट्यापट्ट्यांनी छापले जाते, तेव्हा सांधे दिसणारच. आपला डोळा साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, कोन ओळखतो. हे अंतर ३० सें.मी.वरून ०.०९ मि.मी., पण ३ मीटरवरून ०.९ मि.मी. भरते. भिंतीवरच्या तक्त्याला एवढी सूट मिळते. गडद रंगातली पांढरी फट मात्र याहून बारीक असली तरी डोळ्यांत भरते, म्हणून पट्टे किंचित एकमेकांवर चढवावेत. आणि पहिली छपाई रद्दी कागदावरच करा. शाई स्वस्त नाही.