संत्र्याची तिकिटे : शौक स्वस्त, पण कमाई कुठे?

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद, संग्रामपूर या भागांत सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा आहेत. शेजारच्या जालन्याची मोसंबी तर सर्वांच्या ओळखीची. पण हीच फळे देशोदेशीच्या टपाल तिकिटांवर आहेत आणि ती जमवणारे शौकीनही आहेत, याची खबर आपल्याकडे थोड्यांनाच असते. मुलाला हा नाद लागला की पालकांचा पहिला सवाल, यात पैसा आहे काय? आमचे उत्तर असे की आहे, पण लोक समजतात तिथे नाही.

आधी माल पाहू. सगळ्या जगाची तिकिटे जमवायला गेले तर आयुष्य पुरत नाही. म्हणून एक विषय धरून संग्रह करतात, आणि लिंबूवर्गीय फळे हा त्यासाठी सोयीचा, आटोपशीर विषय आहे. भारताच्या 1980 च्या दशकातील नेहमीच्या वापराच्या मालिकेत 3 रुपये 25 पैशांचे संत्र्याचे तिकीट होते. त्याच मालिकेत सफरचंद आणि काजूही आहेत. डॉमिनिका या वेस्ट इंडीजमधील बेटाने 1938 पासूनच्या मालिकेत लिंबे तोडणारे मजूर दाखवले. अल्जीरियाच्या 1950 च्या तिकिटावर संत्री आणि लिंबे एकत्र आहेत, तेव्हा तिथे फ्रेंचांचा अंमल होता. लेबनॉनने 1955 मध्ये विमान टपालासाठी संत्र्याचे तिकीट काढले. इस्रायलच्या 1956 च्या तिकिटावरही संत्रे आहे. मात्र याफाच्या संत्र्याचा व्यापार त्याआधी अनेक दशके पॅलेस्टाईनच्या अरब बागाइतदारांनी उभा केला होता, हे ते तिकीट सांगत नाही. अशी चार तिकिटे शेजारी लावली की मुलाला भूगोल आणि तिजारत दोन्ही कळतात. आपले नारिंग फारसीत नारंग, अरबीत नारंज आणि स्पेनमध्ये नारान्हा झाले, तोही मार्ग याच फळाचा.

आता पैशाचे. तिकिटांच्या छापील सूचीतील किंमत म्हणजे दुकानदाराची विक्रीची किंमत. तुम्ही विकायला गेलात तर तिचा लहानसा हिस्साच हाती येतो. त्यातही तिकिटाची दंतुर कडा तुटलेली, मागचा डिंक गेलेला, किंवा सेलोटेप लावलेली असेल तर घेणारा हातही लावत नाही. तेव्हा तिकिटे चिमट्याने उचलावीत आणि अल्बममध्ये कधीही थेट चिकटवू नयेत.

आखातातून कुणी आणलेल्या जुन्या, चकचकीत तिकिटांबद्दल आम्हांला खास सांगायचे आहे. 1960 च्या दशकात आणि 1970 च्या सुरुवातीला अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन अशा छोट्या अमिरातींच्या नावाने ठेकेदारांनी तिकिटांचा अक्षरशः पूर आणला. बरीचशी पत्रावर न लागताच शिक्का मारून विकली गेली. पुढे संयुक्त अरब अमिराती बनल्यावर हा प्रकार थांबला. तिकिटे देखणी आहेत, पन्नास वर्षे जुनी आहेत, पण बहुतेकांना भाव नाही. जुने म्हणजे महाग, हा हिशेब इथे चालत नाही. गठ्ठे विकत घेऊन मुलीच्या लग्नासाठी ठेवणाऱ्यांनी त्यापेक्षा टपाल खात्याचेच बचत पत्र घ्यावे.

कमाईची खरी वाट वेगळी आहे. टपाल खात्याने 2017 मध्ये दीनदयाळ स्पर्श योजना सुरू केली. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना तिकीट संग्रहासाठी महिना 500, म्हणजे वर्षाला 6,000 रुपयांची शिष्यवृत्ती. देशभरात एकूण 920. मागील परीक्षेत 60 टक्के हवेत. शाळेत तिकीट संग्राहकांचा क्लब असावा लागतो. तो नसेल तर मुलाच्या नावाचे फिलाटेली डिपॉझिट खाते चालते, ते 200 रुपयांत उघडते. आधी प्रश्नमंजूषा, नंतर प्रकल्प. प्रकल्प चार-पाच पानांचा, तिकिटे जास्तीत जास्त 16 आणि मजकूर 500 शब्दांपर्यंत. विषय खात्याच्या यादीतला घ्यावा लागतो, त्यामुळे संत्र्याचा अल्बम जसाच्या तसा पाठवता येईलच असे नाही. पण सोळा तिकिटांत एक गोष्ट मांडण्याचा सराव ज्याने केला, त्याला दुसरा विषय जड जात नाही.

खाते उघडल्यावर नवी तिकिटे दर्शनी किमतीत घरपोच येतात. नागपूरच्या जीपीओत फिलाटेली ब्युरो आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत थोडी असते, तेव्हा बुलढाण्याच्या मुख्य टपाल कार्यालयात आधीच चौकशी करून ठेवावी.